विमा आधी की पासिंग आधी?

जुनी जीप रस्त्यावर आणायला निघालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक कोडं पडतं. पासिंगला गेला की सांगतात, विम्याचा कागद जोडा. विम्याला गेला की काउंटरवरचा पोरगा विचारतो, गाडी नंबर? नंबर तर पासिंग झाल्यावर मिळणार. मग तो माणूस फायली काखेत मारून माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "साहेब, हे दोघंबी एकमेकाकडे बोट दाखवून राह्यले. मी कोनाकडे जाऊ?"

उत्तर सोपं आहे. विमा आधी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ४७ व्या नियमात नोंदणीच्या अर्जासोबत कोणते कागद लागतात ते लिहिलंय, त्यात विम्याचा दाखला आहे. आणि विमा काही नंबर प्लेटवर निघत नाही, तो इंजिन नंबर आणि चेसिस नंबरवर निघतो. नंबराचा रकाना मोकळा ठेवायचा, पासिंग झालं की चढवून घ्यायचा. पूर्वी हाताने लिहिलेली कव्हर नोट देत असू. साठ दिवसांची मुदत. त्या साठ दिवसांत पासिंग उरकायचं म्हणून कितीतरी जणांनी माझ्या ओट्यावर बसून दिवस मोजलेले आहेत.

गाड्या तपासून विम्याचे कागद तयार करणं हा माझा धंदा. अमरावती, परतवाडा, अकोट, मूर्तिजापूर, अकोला एवढं माझं रान. हत्यारं म्हणजे टॉर्च, शिसपेन्सिल, सेलोटेप आणि गाडीखाली पाठ टेकायला एक बारदान. मारुती-बिरुतीला बारदान लागत नाही. ते लागतं जीपला. आणि किस्से म्हणाल तर तेही जीपचेच. बाकी गाड्यांचे नुसते क्लेम असतात.

वऱ्हाडात जीपची हौस कुठून आली, हे ज्याने जुलै महिन्यात काळ्या मातीची पांदण पाहिली त्याला विचारायला नको. पाऊस पडला की ती माती चाकाला अशी धरते की बैलही थांबून मागे बघतो. पुढची चाकंही ओढणारी गाडी असली तरच बागेतला माल डांबरी सडकेला लागतो. आता डांबरी सडकेचंही काय सांगावं! जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीजचा विक्रम झाला, पेपरात फोटो आले, सगळ्यांची छाती फुगली. त्याआधी कित्येक वर्षं बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला जाणाऱ्याला ऑफ-रोड म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं.

पहिला किस्सा जोंग्याचा. अचलपूरकडचे एक संत्रा बागायतदार, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी लष्कराच्या लिलावात निघालेला जोंगा कुणाकडून तरी घेतला. जोंगा म्हणजे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेली धिप्पाड गाडी. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. ती पेट्रोल किती पिते हे काकांना विचारायची आमची कुणाची टाप नव्हती. पण देखणी! क्रिकेटपटू धोनीने २०१९ मध्ये असाच एक जोंगा घेतला तेव्हा काकांनी ती बातमी कापून देवघराशेजारी चिकटवली.

काकांनी गाडीची लष्करी पाटी तशीच ठेवली होती. सैन्याच्या पाटीवर सुरुवातीलाच वर टोक केलेला बाण असतो. त्या बाणाच्या जोरावर काका एका लग्नाला जाऊन आले आणि वाटेत एका नाक्यावर हवालदाराने त्यांना कडक सलाम ठोकला. धोतर नेसलेले काका, मागे त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या मावशी, मांडीवर आहेराचं पातेलं. काकांनीही सलाम परत केला म्हणे. हे ते मला कौतुकाने सांगत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. सेनेच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या ६० व्या कलमाखाली वेगळीच होते. गाडी देशाच्या संरक्षणाच्या कामातून निघाली की त्याच कलमाप्रमाणे ती चारचौघांसारखी होते, म्हणजे साध्या नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. बाणाचा मान सेनेचा, काकांचा नाही.

"काका, पहिले ती पाटी काढा."

"कावून? चोरी केली का मी?"

"पाटी काढा, मग सांगतो."

पाटी निघाली. पुढचा प्रश्न कागदाचा. नियम ४७ मध्येच एक छोटी ओळ अशा गाड्यांसाठी आहे: लष्कराने ज्या अधिकाऱ्यामार्फत गाडी विकली त्याचा नमुना २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो. झेरॉक्स नाही, मूळ. इथेच निम्मे शौकीन अडकतात. गाडी चार हातांतून फिरलेली असते आणि मूळ दाखला पहिल्याच व्यापाऱ्याच्या गल्ल्यात राहतो. काका हुशार, त्यांनी दाखला घेतला होता. कुठे ठेवला ते मात्र आठवत नव्हतं. शेवटी तो मावशींच्या बँकेच्या कागदांत सापडला, कारण घरातला कामाचा प्रत्येक कागद मावशीच सांभाळायच्या. काकांनी स्वतः सांभाळलेला असता तर गेला होता.

आता नंबर. दाखल्यावर एक चेसिस नंबर, एक इंजिन नंबर. गाडीवर ते सापडले पाहिजेत आणि जुळले पाहिजेत. मी बारदान टाकून खाली गेलो तर चेसिसच्या पट्टीवर हिरव्या रंगाशिवाय काही नाही. सेनेत दरवेळी जुना रंग न खरवडता वरून नवा मारलेला. एकावर एक थर. परतवाड्याच्या मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री लाकडाच्या ट्रका दुरुस्त करत म्हातारा झालेला, त्याच्या हाताला कुठला बोल्ट कुठे असतो ते डोळ्यांआधी कळायचं.

"चेचिस नंबर कुठीसा जात नाई साहेब, लपून बसला फक्त."

ग्राइंडर लावायचा नाही, ही पहिली अट. नवशिका मिस्त्री घाईत ग्राइंडर फिरवतो, रंगासोबत आकड्यांची धारही जाते, आणि मग जन्मभर सिद्ध करत बसा की नंबर खोडला नव्हता. आधी रॉकेलचा बोळा. मग रंग उतरवायचं पातळ. मग लाकडी पट्टीने हलक्या हाताने खरवडायचं. मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून. एवढं करून आकडे दिसतीलच असं नाही. शेवटी खडूची पूड बोटाने चोळायची आणि ओल्या फडक्याने वरवर पुसायची. खोल गेलेल्या रेषांत पांढरं राहतं. पहिला एक आकडा उमटला, मग दोन अक्षरं. काका खाली वाकून दाखला हातात धरून मोठ्याने वाचत होते, मी आतून हो हो करत होतो, आणि एका आकड्याला दोघंही थांबलो. कागदावर तीन, लोखंडावर आठ.

मिस्त्रीने टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि तिरका धरला. समोरून उजेड मारला की गंजाचा खड्डाही आकडाच वाटतो. बाजूने मारला की ठोकलेल्या रेषेची सावली वेगळी पडते आणि गंजाची वेगळी. तीनच होता. डाव्या बाजूला गंजाने अर्धं वर्तुळ खाल्लं होतं. त्यावर सेलोटेप लावून शिसपेन्सिल फिरवली, छाप कागदावर घेतला. चेसिस प्रिंट म्हणतात तो हाच. हल्ली मोबाइलने फोटो मागतात, तरी जुन्या गाडीला मी छाप घेतोच. फोटोत गंज आणि आकडा सारखेच दिसतात.

इंजिनाचा नंबर मात्र जुळला नाही, जुळणारही नव्हता. लष्करी वर्कशॉपात इंजिन उतरवून दुसरं चढवणं नेहमीचं. लढाईत गाडी हवी असते, तिचं मूळ इंजिन नको असतं. त्यासाठी लष्कराकडे पुन्हा पत्रव्यवहार करून दुरुस्त दाखला मागवावा लागला. तो येईपर्यंत जोंगा गोठ्याशेजारी उभा आणि काका रोज सकाळी तो नुसता सुरू करून बंद करायचे. शेवटी नंबर आला. सत्तावीस पासिंग. काकांनी पहिल्या दिवशी त्याच नाक्यावरून गाडी मुद्दाम हळू नेली. या वेळी कुणी सलाम केला नाही, त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

दुसरा किस्सा इतका गोड नाही. अकोल्याचा एक तरुण, वडिलांची जिनिंग फॅक्टरी. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून हरियाणातल्या मंडी डबवालीची जीप मागवली. पंजाबच्या सीमेवरचं, सिरसा जिल्ह्यातलं हे गाव उघड्या जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. जुन्या जीपची नवी बॉडी, रुंद टायर, चकचकीत बंपर, हवं ते इंजिन. ट्रेलरवरून गाडी उतरली तेव्हा फॅक्टरीतलं काम थांबलं. पोरगा मला म्हणाला, "काका, कावडीच्या आधी पासिंग पाह्यजे." श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराची कावड निघते, तेव्हा अख्खं अकोला रस्त्यावर असतं. त्या दिवशी गाडी मिरवायची, एवढा सगळा खटाटोप.

आरसी मी हातात घेतली. ऐंशीच्या दशकातली जीप, पेट्रोल. समोरची गाडी डिझेल. पत्रा नवा कोरा. खाली गेलो. चेसिस नंबर लगेच सापडला, आणि तीच काळजीची गोष्ट होती. चाळीस वर्षांच्या लोखंडावर नंबर इतका सहज सापडत नाही. सगळे आकडे एकाच खोलीचे, कडा धारदार, पट्टीवर कुठे गंजाचा ठिपका नाही. कारखान्यातला नंबर आणि हातोड्याने पंच मारलेला नंबर यांतला फरक सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. हाताने मारलेल्या ओळीतला एखादा आकडा हटकून रेषेखाली झुकलेला असतो. इथे सात झुकला होता.

अर्थ उघड होता. मेलेल्या जीपचा कागद, नव्या सांगाड्याची गाडी. डबवालीच्या सगळ्याच जीप अशा नसतात हेही सांगितलं पाहिजे. खऱ्या जुन्या चेसिसवर बांधलेली, मूळ नोंदीशी जुळणारी, तिथल्या आरटीओची एनओसी सोबत असलेली गाडी मी पाहिलेली आहे. पण हिच्या बाबतीत मी हात वर केले.

पोरगा चिडला. "पैसे घ्या न काका, पन करून द्या."

त्याला बसवून कायदा सांगावा लागला. ५२ व्या कलमाप्रमाणे कारखानदाराने जे मूळ वर्णन दिलं त्याला सोडून गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पुढचे लोखंडी गार्ड तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्राने बंद करायला सांगितलेत. पण दंडाचं सोडा. अशा गाडीचा मी विमा काढून दिला आणि कावडीच्या गर्दीत ती कुणाच्या अंगावर गेली, तर कंपनीचा तपासनीस पहिलं काम काय करेल? बारदान टाकून खाली जाईल. त्यालाही झुकलेला सात दिसेल.

वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते एकच वाक्य बोलले, "म्हंजे आपन गाडी नाई, दागिना घेतला." आज ती जीप फॅक्टरीच्या आवारात आहे. सरकीच्या ढिगाशेजारी, ताडपत्रीखाली. आवाराबाहेर गेलेली नाही, एवढं वडिलांनी पाहिलं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागत नाही.

आता थोडं हसण्याजोगं. अमरावतीच्या एका जुन्या कापूस-व्यापारी घराण्यात विलीज जीप. आजोबांनी दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या सामानाची विक्री झाली त्यात घेतलेली, स्टिअरिंग डावीकडे. ही गाडी अमरावतीतच जन्मभर राहिली, पण राज्यं बदलत गेली. घेतली तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० नंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई, १ मे १९६० ला महाराष्ट्र. कागदावर प्रत्येक सरकारचा शिक्का वेगळा, शाई वेगळी, आणि शेवटी एक पान उंदराने खाल्लेलं. संगणकात या गाडीचा मागमूस नाही. अशा वेळी जुन्या रजिस्टरातली नोंद शोधून संगणकात चढवावी लागते, तिला बॅकलॉग एंट्री म्हणतात. रजिस्टर सापडलं. एवढ्या बाबतीत आपलं सरकारी खातं थोर आहे, कागद सहसा फेकत नाही.

अडचण खात्याची नव्हती, घराची होती. मालक वारलेले. नमुना ३१ भरायचा, वारसांची संमती लागते. मोठ्या भावाला आजोबांचा जुना नंबर टिकवायचा होता. त्याला जुलै २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम कुणीतरी सांगितलेले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी, नवी नोंदणी वीस हजार, दहा वर्षं मुदत, आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. शिवाय थर्ड पार्टीच्या हप्त्यात निम्मी सूट. पण ती गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. धाकट्या भावाचं म्हणणं, मग गाडी कशाला, फोटो लावा भिंतीवर. त्याला ती शेतावर न्यायची होती. दोघांचं भांडण सहा महिने चाललं आणि तिसऱ्या वारस, पुण्याच्या आत्या, शांतपणे म्हणाल्या की मी सहीच करत नाही.

"का हो आत्याबाई?"

"लहानपणी दादा पुढे बसायचा, मला कायम मागे. आधी मला पुढे बसवून फिरवा, मग सही."

कागद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेता येत नाही, आणि गाडी फिरवल्याशिवाय कागद होत नाहीत! माझ्या धंद्यातलं जुनंच कोडं, फक्त नऊवारी नेसून आलेलं. तोडगा कायद्यातच होता. विम्याची सक्ती सार्वजनिक जागेसाठी आहे. वाड्याचं आवार मोठं, चारी बाजूंनी भिंत, दोन्ही दरवाजे बंद केले. सार्वजनिक जागेचा अर्थ कोर्टाने फार ऐसपैस लावलेला आहे, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने खासगी जागाही, लोकांना तिथे जाता-येता येत असेल तर, त्यात धरली आहे. म्हणून मी धाकट्याला दारावर उभं केलं, कुणालाही आत सोडू नको म्हणून. मोठ्याने गाडी चालवली. आत्याबाई उजवीकडच्या सीटवर बसल्या, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या बाजूला. विहिरीला पाच-सहा फेऱ्या घातल्या. उतरल्या आणि तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली. निर्णयही त्यांनीच दिला: जुना नंबर ठेवा, आणि धाकट्याला शेतावर जायला बोलेरो घ्या.

तपासणीच्या दिवशी या जीपच्या हँडब्रेकवरून बराच वेळ गेला. लिव्हर ओढलं, पण मागच्या चाकात हँडब्रेकची केबल कुठे जात नाही. तरुण निरीक्षकांनी मागच्या चाकाखाली बघून विचारलं, ब्रेक आहे कुठे? आमचा परतवाड्याचाच मिस्त्री सोबत होता. त्याने त्यांना अदबीने गाडीच्या मधोमध नेलं. या जीपमध्ये हँडब्रेक चाकाला नाही, गिअरच्या पेटीमागून निघणाऱ्या शाफ्टला धरतो. शाफ्ट थांबला की चाकं थांबली. निरीक्षकांनी गाडी चढावर उभी करायला लावली, स्वतः लिव्हर ओढलं, खाली उतरून मागून खांदा लावून ढकलून पाहिली. हलली नाही. मग त्यांनी मोबाइल काढला आणि खाली झोपून त्या ड्रमचा फोटो काढला. स्वतःसाठी. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला वळायचा इशारा देणारं साधन कायद्याने लागतंच, ते मिस्त्रीने आधीच बसवलेलं होतं. पण ते बसवायला मोठ्या भावाने किती नाकं मुरडली! आजोबांच्या गाडीला पिवळे दिवे म्हणे शोभत नाहीत.

या सगळ्या जीपच्या गडबडीत वरुडच्या एका संत्रेवाल्यांनी वेगळंच आणलं. चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली एटीव्ही. बागेत फवारणीचा पंप ओढायला उत्तम. त्यांना ती वरुडच्या बाजारात न्यायची होती, म्हणून विमा पाहिजे. मी म्हटलं, विमा नंतर, आधी हिचा प्रकार मंजूर असल्याचा दाखला दाखवा. रस्त्यावर विकायच्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे तपासून घ्यावा लागतो, ट्रॅक्टर असेल तर मध्य प्रदेशातल्या बुधनीला. त्यांच्या गाडीचं तसं काहीच झालेलं नव्हतं, बिलावरच लिहिलं होतं की रस्त्यासाठी नाही. गंमत म्हणजे पोलारिस कंपनीने २०२१ मध्ये अशीच एक गाडी भारतात रस्त्यावर चालवण्याजोगी करून आणली, आणि ती कशी? ट्रॅक्टर म्हणून. हे ऐकल्यावर ते बराच वेळ आपल्या गाडीकडे बघत राहिले. "म्हंजे नुसतं नाव चुकलं हिचं," म्हणाले. उलट आपल्या महिंद्राने जुन्या जीपच्याच घाटाची रॉक्सर नावाची गाडी २०१८ मध्ये अमेरिकेत विकायला काढली, तर तिथे ती शेतात आणि रानात चालवायची गाडी ठरली. आपल्याकडे ज्या रूपात ती तहसील कचेरीपर्यंत जाते, त्या रूपात तिथे तिला सडकेची मनाई.

आता ज्या गोष्टीसाठी मी या धंद्यात अजून टिकून आहे ती सांगतो. जीपचे शौकीन विमा काढतात तो कमीत कमी पैशांचा. थर्ड पार्टी. पंधराशे सीसीच्या वरच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून वर्षाला ७८९७ रुपये, जीएसटी वेगळा. जिप्सी तेराशे सीसीची, तिला ३४१६. तो कागद डॅशबोर्डला ठेवला की यांना वाटतं झालं. नसला तर १९६ व्या कलमाखाली पहिल्यांदा दोन हजार दंड, कैदही होऊ शकते, म्हणून तो काढायचा. पण त्या कागदात गाडीत बसलेली माणसं येत नाहीत. रस्त्यावरचा परका येतो. तुमचा पाहुणा, तुमचा मजूर नाही. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कलम वेगळं घ्यावं लागतं. मागे बसणाऱ्यांसाठी पूर्ण पॅकेज पॉलिसी लागते, आणि पगारी माणसं बसत असतील तर त्यांचं जादा कलम आणखी वेगळं. जुन्या जीपला पॅकेज द्यायला कंपन्या कुरकुरतात. आणि दिलं तरी माणसं मोजतात ती आरसीवर जितक्या सीट आहेत तितकीच.

दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याने महिंद्राची जुनी जीप रिपासिंग करून घेतली. कापूस वेचायला बाया आणायच्या होत्या, गावापासून शेत लांब. पहिल्या सकाळी बारा बाया गाडीशी आल्या. त्यांची मुकादमीण पन्नाशीची, डोक्याला फडकं, हातात डबा. तिने गाडीकडे पाहिलं आणि मालकाला विचारलं, "आमचा इमा हाये का?"

"गाडीचा हाये न बाई."

"गाडीचा नाई पुसून राह्यली. आमचा."

मागच्या हंगामात दुसऱ्या गावात पिकअप उलटली होती, तिची भाची त्यात होती. दवाखान्याच्या बिलाच्या वेळी काय काय ऐकावं लागलं ते तिला पाठ होतं. मालक गप्प. बारा बाया पायी निघाल्या, मालक जीप घेऊन मागून पहिल्या गिअरमध्ये. अर्ध्या तासाने शेत आलं. त्याच दुपारी मालक माझ्याकडे.

मी पॅकेज, मजुरांचं कलम, सगळं मांडून दाखवलं. आकडा ऐकून त्यांनी दोनदा पाणी प्यायलं. मग आरसी काढली. चालक धरून सात.

"म्हंजे सहा बाया?"

"एका वेळी सहा."

"बारा हायेत न साहेब."

"दोन फेऱ्या करा."

त्यांनी तिथेच खिशातून पेन काढून माझ्या डायरीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दोन फेऱ्यांचं डिझेल, हप्त्याचे पैसे, वेचाईचा किलोचा दर, उशीर झाला तर दवात भिजलेल्या कापसाचं वजन. मधूनच मुकादमिणीला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण यांचं "हो बाई, हो बाई" बराच वेळ चाललं होतं. फोन ठेवून म्हणाले, "ते म्हनते, पहिल्या फेरीत मी बसत नाई, म्हाताऱ्याइले पाठवतो. अन् कागद मले दाखवा लागन."

मी पॉलिसीची मराठीत दोन ओळींची चिठ्ठी करून दिली, तिच्यासाठी. हप्ता त्यांनी रोख भरला आणि जाताना दारातून वळून विचारलं, "साहेब, आरसीवर सीटा वाढवून भेटते का हो?"